ओठ न हलवता

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. कारण वाचलंस तर हसशील. तुझा भाऊ बावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसतोय.

झालं असं, की आमच्या रुग्णालयाच्या विमा कंपनीने अट घातली आहे. संगणकांची मशीनरूम ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे संगणक-सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगून चहा मागवला. चहा आला तेव्हाच मी ओळखलं की बातमी काही बरी नाही. वर्षअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणलं तर सगळं आहे तसं. नाही आणलं तर खोली दुसऱ्या कोणाकडे, आणि मी तळमजल्यावर स्टोअरमध्ये, प्रिंटरची शाई आणि कागदाचे गठ्ठे वाटायला. पगार तोच राहील म्हणाले. जसं काही मी पगाराचंच विचारलं होतं.

ताई, ती खोली मी उभी केली आहे. तिथल्या प्रत्येक वायरवरची चिठ्ठी माझ्या हातची आहे. एखाद्या वॉर्डात रुग्णाची फाइल उघडेनाशी झाली की नर्स बाकी कोणाला विचारत नाहीत, मला बोलावतात. मला त्या खोलीतून काढलं तर माझं काय उरतं, ते मला खरंच कळत नाही.

अभ्यास ठकी घेते. पोरगी नोकरीवरून येते, हातपाय धुते आणि माझ्यासमोर पुस्तक टाकते. पुस्तक उशाला घेऊन झोपता येईल एवढं जाड आहे. पण अडचण पुस्तकाची नाही, प्रश्नांची आहे. एका प्रश्नाला चार उत्तरं, चारही बरोबर, आणि त्यातलं सर्वांत बरोबर कोणतं ते सांगायचं. हिशेबनिसाला संचालकांच्या नावाने संशयास्पद ईमेल आली, तुम्ही सर्वप्रथम काय कराल? मी म्हटलं, उठून संचालकांच्या खोलीत जाईन आणि विचारीन. ते चारांत नव्हतं. दुसरा प्रश्न: तुम्ही कार्ड लावून दार उघडलंत, मागून एक माणूस हातात दोन खोकी घेऊन येतोय. मी दार धरून ठेवलं. शून्य गुण. ठकी म्हणाली, बाबा, तुम्ही आत्ता चोराला आत घेतलंत.

आमच्या गावातलं परीक्षाकेंद्र बंद पडलंय. त्यामुळे परीक्षा घरूनच, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर. कुठे तरी कोणी तरी बसून मला बघत राहणार. आपल्याला तो दिसणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही. लोभ आहेच, परीक्षा होईपर्यंत जरा जास्त असू दे.

तुझा,
चिमण्या


दि. १५ जून

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, आणि मग नाही हसले. गणवेशांचा हंगाम आहे, शिलाईच्या मशीनवरून उठायला सवड नाही. तरी पाय खाली ठेवून आधी तुला लिहायला बसले.

खोक्यांच्या माणसाचं वाचून मला आईच आठवली. आपल्या दोघांना तिने मारून मुटकून जे थोडंफार वळण लावलं, त्यात मागच्यासाठी दार धरायचं हे पहिलं. आता त्याचे गुण कापतात म्हणजे कमालच झाली. तू आपलं कागदावर दार लाव आणि खऱ्या दारात धरत जा. दोन्ही जमेल तुला.

ठकीला सांग, आत्या म्हणते, घरात ठकी असताना बाहेरच्या ठकांची काय भीती. आणि तिला हेही सांग की मला मेसेज करायला शिकवायचा नाद सोड. मला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही, हे तिला पटलं आहे. पण चित्र दिसणाऱ्या फोनवर तुझं तोंड अडखळतं आणि मेसेजवर तू नुसतं ‘ठीक’ लिहितोस. पत्रात निदान खोटं बोलायला तुला पानभर लागतं, तेवढ्यात मी पकडते.

तू परीक्षेला घाबरतोस ते लहानपणापासून. पेपरच्या आदल्या दिवशी तुझं पोट बिघडायचंच. त्या दिवशी साधं जेव आणि ठकीच्या आईवर चिडू नकोस. तिने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

गुडघा दुखतो. खरं खरं लिहिलं, झालं समाधान? जपून राहा आणि मला कळवत राहा.

तुझी,
ताई


दि. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू वाट बघत असशील म्हणून घाईने चार ओळी. परीक्षा पुढे गेली आहे. काहीशी तांत्रिक अडचण आली. पुन्हा द्यायची आहे, तयारी चांगली झाली आहे, काळजीचं कारण नाही.

इथे सगळं ठीक. पुढच्या खोलीला नवे पडदे केले, निळे आहेत. ठकीच्या आईची निवड. तुझ्या गुडघ्याला शेक देत जा.

लोभ असू दे.

तुझा,
चिमण्या


दि. ३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

बाबांचं पत्र तुला मिळेल त्याच्या मागोमाग हे मिळेल. त्यांनी निळ्या पडद्यांबद्दल लिहिलं असेल तर समज की बाकीचं लपवलं आहे.

परीक्षा पुढे गेली नाही, आत्या. परीक्षा झाली आणि मध्येच बंद केली. रद्द. फसवणुकीचा संशय, असं लिहून आलं आहे.

मी सगळी तयारी केली होती. नियमच तसे असतात. खोलीतली पुस्तकं हलवली, भिंतीवरचे फोटो उतरवले, घड्याळसुद्धा काढलं. टेबल पुसून कोरं केलं. बाबांनी आधी कॅमेऱ्याला चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली, शर्टाच्या बाह्या वर करून मनगटं दाखवली. आईला मी शेजारी पाठवलं आणि स्वतः बाहेर जिन्यात बसले, कोणी बेल वाजवू नये म्हणून. बाबा आत शिरताना म्हणाले, ऑपरेशनला न्यावं तसं चाललंय तुझं. तेवढं हसलो आम्ही.

मग बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि ते बाहेर आले. मला वाटलं लवकर संपवली. ते म्हणाले मशीन बंद पडलं. मी विश्वास ठेवला असता, पण त्यांनी पायात चपला उलट्या घातल्या होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी आत जाऊन ईमेल वाचली.

तो बघणारा माणूस बोलत नाही, एका चौकोनात लिहितो. त्याने लिहिलं होतं, कृपया ओठ हलवू नका. बाबांनी उत्तर दिलं, मी हलवत नाही. त्याने परत तेच लिहिलं. बाबांनी परत, मी हलवत नाही, मी वाचतो आहे. मग शेवटची सूचना, आणि पडदा पांढरा. परीक्षार्थी प्रश्न वाचून दाखवत असल्याचा संशय. परीक्षा ज्यावर चालू होती त्या विषयाचं नाव संगणक-सुरक्षा, आणि बाबा त्यात चोर ठरले. मला एवढा राग आला की मी रडले.

संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आत्या, ओठ हलतात. आवाज अजिबात नाही, पण प्रत्येक शब्दाला हलतात, अगदी स्वच्छ. मी जन्मापासून त्यांच्यासमोर बसते आणि मला कधी दिसलं नाही. आई म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तिला दिसलं होतं. तिला वाटलं होतं कोणावर तरी मनात राग काढतायत. मी बाबांना सांगितलं तर त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हात काढेचनात.

मी अपील करते आहे. ओठ का हलतात याचं कारण लिहायला जागा आहे. बाबा म्हणतात माहीत नाही, लिही सवय. तुला काही माहीत आहे का?

मी लिहिलं हे त्यांना सांगू नकोस. नाही तर सांग. मला आता काहीच सुचत नाही.

तुझी,
ठकी


दि. ११ ऑगस्ट

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

निळे पडदे छान असतील. आता खरं बोलू. ठकीने मला सगळं कळवलं आहे आणि तिला रागावलास तर गाठ माझ्याशी आहे. तू माझ्याशी खोटं बोलायला गेलास याचा मला राग नाही, हसू आलं. पण तुला चोर म्हटलं, त्याने माझी झोप उडाली.

ओठ का हलतात ते तुला आठवत नाही, मला आठवतं. मी अकरा वर्षांची होते. ताप उतरला आणि कान गेले. तू तेव्हा नुकता वाचायला शिकत होतास. आजोबा दुपारी झोपायचे, म्हणून मोठ्याने वाचायची बंदी. मग आपण दोघं मधल्या खोलीत समोरासमोर बसायचो, मधे तुझं पुस्तक. तू आवाज न करता वाचायचास आणि मी एकदा अक्षरं बघायची, एकदा तुझं तोंड. कोणता शब्द तोंडावर कसा बसतो ते मी अशी शिकले. ‘प’ आणि ‘ब’ दिसायला सारखेच, मग मी चिडायची आणि तू दहा वेळा करून दाखवायचास. आपले बाबा म्हणायचे, याची चोच काही मिटत नाही. त्यावरून चिमण्या झालास.

आज दुकानात गिऱ्हाईक गळा मोठा ठेवा म्हणतं की छोटा, हे मला कळतं, ते मी तुझ्या ओठांवर शिकले म्हणून. बाकीच्यांचं निम्मं कळतं, निम्मं जुळवते. तुझं मात्र सगळं. अजूनही तू आलास आणि समोर पेपर घेऊन बसलास की मी काजं करता करता सगळ्या बातम्या वाचते. तुला वाटतं मी कामात असते.

हे सगळं त्या लोकांना कळव. हवं तर मी लिहून देते, सही करते. माझे कान गेल्याचं डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे, तेही जोडा.

आणि समजा त्यांनी नाहीच ऐकलं, तर त्यावरही मला एक सुचलं आहे. शिवताना मी टाचण्या ओठांत धरते. टाचण्या तोंडात असल्या की ओठ हलत नाहीत, हलवून चालतच नाही. तुला टाचण्या देणार नाही, तू गिळशील. सोबत कोटाचं एक मोठं बटण पाठवते आहे. वाचायला बसलास की ओठांत घट्ट धर. महिना दोन महिन्यांत सवय मोडेल. हात चांगला बसेपर्यंत मीसुद्धा किती टाचण्या थुंकल्या आहेत.

ती खोली तुझी आहे. ती सोडायची नाही. तुला लागेल ते मी करीन, फक्त सांग.

तुझी,
ताई


दि. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं लिहिलं त्याबद्दल कान पकडतो. हल्ली माझे कान पत्रातच जास्त असतात.

अपील फेटाळलं. ठकीने तुझं पत्र जोडलं, डॉक्टरांचं जोडलं, स्वतःचंही दोन पानी लिहिलं. उत्तर आलं ते तीन ओळींचं. परीक्षार्थीच्या स्वतःच्या आजाराचा दाखला असल्यास सवलतीचा विचार होईल. मला आजार नाही. आजार तुला आहे, आणि तुला परीक्षा द्यायची नाही. मी आमच्या डॉक्टरांकडेही गेलो, रोज ज्यांचे संगणक दुरुस्त करतो त्यांच्याकडेच. त्यांनी माझा जबडा दाबून पाहिला, घसा पाहिला आणि म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात. एवढ्या वाईट वाटलेल्या सुरात मला आजवर कोणी ठणठणीत म्हटलं नव्हतं.

ठकीने लांबच्या शहरातल्या केंद्रात विचारलं. तिथल्या तारखा पुढच्या वर्षीच्या. फोन लावला की मुलगी फार गोड बोलते आणि शेवटी नियम वाचून दाखवते. तिच्यावर तरी कसं चिडणार, तिच्या हातात काय आहे? कोणाच्याच हातात काही नाही. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, साहेब, सिस्टिम घेत नाही, मी काय करू. आता मला कळतं त्यांना कसं वाटत असेल.

तर परीक्षा पुन्हा घरूनच, नोव्हेंबरात. बटण पोचलं. परीक्षेत तोंडात काही चालत नाही, पण सरावाला चालतं. रोज संध्याकाळी मी बटण धरून बसतो आणि ठकी समोर बसून बघते. ओठ हलले की ती टेबलावर चमचा वाजवते. पहिले काही दिवस घरात बँड लागल्यासारखा होता.

पण ताई, खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी ठकीला सांगितलेली नाही. ओठ बंद ठेवले की मला कळतच नाही. अक्षरं दिसतात, शब्द ओळखीचे असतात, पण वाक्य आत शिरत नाही. ओळीच्या शेवटी पोचतो आणि सुरुवात गेलेली असते. जे प्रश्न मला झोपेत येतील ते चुकतात. तुझं पत्रही मी बटण धरून वाचलं, म्हटलं सराव होईल. पानाच्या शेवटी आलो तेव्हा तू काय लिहिलंस ते मला सांगता आलं नसतं. मग बटण काढून वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

भीती वाटते. कोणाला सांगायची म्हणून तुला सांगितली. तू काही करू शकत नाहीस हे मला माहीत आहे. लोभ ठेव, तेवढं पुरे.

तुझा,
चिमण्या


दि. १ ऑक्टोबर

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

मी काही करू शकत नाही, हे बरोबर लिहिलंस. पण एक सांगते. मला नवीन माणसाचं तोंड सुरुवातीला कधीच कळत नाही. नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं. पण चिकाटीने बघत राहिलं की एखाद्या दिवशी शब्द यायला लागतात. तुझंही तसंच होईल. बटण सोडू नकोस. ऑफिसमध्येही धरत जा. कोणी विचारलं तर सांग, बहिणीने दिलंय.

भीती वाटली की मलाच सांगत जा. मी कुठे बोलून दाखवणार आहे?

तुझी,
ताई


दि. २६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

पास. आत्या, बाबा पास झाले. काठावर नाहीत, चांगले पास.

मी परत जिन्यात बसले होते. या वेळी चौकोनात एकही सूचना आली नाही. शेवटी पडद्यावर निकाल आला तेव्हा बाबा खुर्चीतून उठेनात. मी विचारलं तर मान हलवली, फक्त. मला वाटलं नापास झाले. आई शेजारून धावत आली, तिलाही तेच वाटलं, आणि आम्ही दोघी त्यांची समजूत घालायला लागलो. मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

मशीनरूमच्या दारावर साहेबांनी त्यांच्या हुद्द्याची नवी पाटी लावायला सांगितली आहे. बाबा म्हणाले जुनी काय वाईट होती, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच लवकर जाऊन बघून आले.

तुझ्या बटणाने कमाल केली. हल्ली ते पेपर वाचतात तर चेहऱ्यावरची रेष हलत नाही. बोलतातही कमी, आणि बोलले तरी ओठ जेमतेम उघडून. आई म्हणते, अहो, तोंड उघडून बोला. परीक्षेच्या ताणाने झालंय, जाईल हळूहळू. पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी काढून ते तुझ्याकडे येणार आहेत. मी येऊ शकत नाही, नवीन काम आहे. त्यांचे लाड कर.

तुझी,
ठकी


दि. ९ डिसेंबर

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे ठकीच्या कार्डावरून कळलं. पास झालास, खोली राहिली, मला फार आनंद झाला आहे. हे मी आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू ते विसरणार नाहीस.

तू आलास त्या दिवशी जेवण झाल्यावर समोर पेपर घेऊन बसलास. मी काम घेतलं आणि बघायला लागले. तू पान उलटलंस, मग पुढचं उलटलंस. तुझ्या तोंडावर काही नव्हतं. मी मनात म्हटलं, शाब्बास, जमलं याला. आणि मग मला कळलं की आज जगात काय झालं ते मला माहीत नाही. उठून तुझ्या खांद्यावरून वाचायची मला लाज वाटली.

पेपरचं एक वेळ सोड. तू बोलत होतास तेही मला कळत नव्हतं, चिमण्या. ओठ जेमतेम उघडतात आणि लगेच मिटतात. ठकीचं नाव कळलं, साहेब कळलं, दोनदा ‘खोली’ कळलं. बाकी मी जुळवलं. तू हसलास की मी हसले. एकदा म्हटलं, परत सांग, तर तू तोंड मोठं करून एकेक शब्द वेगळा वेगळा सांगितलास, अनोळखी लोक मला सांगतात तसा. तू माझ्याशी असं आयुष्यात कधी बोलला नव्हतास. मग मी परत विचारलं नाही. दोन दिवस नुसती मान हलवली.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तू ओठ मोकळे सोडले असतेस तर परीक्षा गेली असती. दर तीन वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते असं ठकीने लिहिलं आहे, म्हणजे सोडूनही चालायचं नाही. मला सगळं समजतं. मला तुझी फार आठवण येते, तू समोर बसला होतास तेव्हासुद्धा येत होती. याला काय करावं ते मला सुचत नाही, तुलाही सुचणार नाही.

एकच काम कर. निघायच्या दिवशी सकाळी, मी गॅसपाशी उभी होते, तू मागून येऊन माझा हात धरलास आणि पुष्कळ वेळ काही तरी बोललास. तुझे डोळे भरले होते. बोलून झाल्यावर तू माझ्याकडे बघत थांबलास, म्हणजे काही तरी विचारलं असणार. मी म्हटलं, हो, होईल सगळं नीट. तू जरा वेळ तसाच उभा राहिलास, मग मान हलवलीस आणि पिशवी उचललीस.

काय म्हणाला होतास ते लिहून पाठव. पानभर झालं तरी चालेल. आणि मी दिलेलं उत्तर धरू नकोस, मला प्रश्न कळला नव्हता.

लोभ होता तसाच आहे.

तुझी,
ताई